शेवटच्या झाडाच्या वर

रविवारी दुपारी सासऱ्यांकडे जेवायला बसलं की गेरोल्ड व्हिंडिशला आपण सरकारी पाहणीला आलोय असं वाटायचं. सूप यायचं, सुपात मुठीएवढे पावाचे गोळे तरंगत असायचे, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकावरून सासरे म्हणायचे, "घ्या ना, हेर व्हिंडिश. तुम्ही काहीच घेतलं नाहीत."

'हेर' म्हणजे तिकडचं 'श्रीयुत'. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

सासरे म्हणजे मागिस्टर रोमेडियस प्राक्समार. फेर्नाखच्या खोऱ्यातल्या एकुलत्या एक औषधाच्या दुकानात त्यांची हयात गेली. दुकान विकून टाकल्यावरही लोक त्यांना मागिस्टरसाहेबच म्हणत, कारण त्या मुलखात पदवी माणसाबरोबर थडग्यापर्यंत जाते आणि तिथेही नावाच्या आधी कोरली जाते. एरवी मागिस्टरसाहेब मोकळे. पोस्टमनला ते 'तू' म्हणत. पाद्रीबाबांना 'तू' म्हणत. दुकानाची तपासणी करायला शहरातून आलेल्या एका साहेबाला ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत 'तू' म्हणायला लागले होते. शेजारच्या कुत्र्याचा तर प्रश्नच नव्हता. सगळ्या खोऱ्यात 'तुम्ही' एकट्या जावयाच्या वाट्याला आलं होतं.

आता, 'तू' ही त्या भागात मागून घ्यायची वस्तू नाही. वयानं मोठ्या माणसानं ती धाकट्याला द्यायची असते. हातात पेला घ्यायचा, आपलं पाळण्यातलं नाव सांगायचं, समोरच्यानं त्याचं सांगायचं, कोपरात कोपर अडकवून दोघांनी प्यायचं, की झालं. मग मरेपर्यंत 'तू'. पण सुरुवात मोठ्यानं करायची. धाकट्यानं करणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला गोळा उचलून आपल्या तोंडात टाकण्यासारखं.

"अरे, आदर आहे तो," त्याची बायको बुर्गी समजूत काढायची.

"असेल. पण अकरा वर्षं नुसता आदर खाल्ला की माणसाला अपचन होतं."

बुर्गीनं एकदा वडिलांना सरळ विचारायचं ठरवलं होतं. गेरोल्डनं तिला शपथ घातली. सांगून मिळालेलं 'तू' त्याला नको होतं. ते म्हाताऱ्यानं आपणहून द्यायला हवं होतं, आणि म्हाताऱ्यानं आपणहून द्यावं म्हणून वाटेल ते करायची गेरोल्डची तयारी होती.

वाटेल ते, म्हणजे डोंगर चढणं सोडून.

गेरोल्ड मूळचा देशाच्या पूर्वेच्या टोकाचा. तिकडची जमीन लाटून ठेवलेल्या पोळीसारखी सपाट. त्याच्या गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे शाळेच्या धुराड्यावरचं करकोच्याचं घरटं, आणि तिथेही करकोचाच जायचा. उंचीची गेरोल्डला भीती वाटायची. स्वयंपाकघरातला दिवा बुर्गी बदलायची आणि तो खाली स्टूल धरून उभा राहायचा, तेही वर न बघता. अशा माणसाला फेर्नाखच्या ग्रामकचेरीनं 'पायवाटा, पाट्या व बाकडी' हा विभाग दिला होता. तो नाही म्हणाला नाही, कारण नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. कामात मात्र चोख. कुठल्या वाटेवर घसारा आहे, कुठे कातळाला साखळी लावलीये, कुठल्या वळणावर माणसाला दम लागतो आणि म्हणून बाकडं हवं, सगळं नकाशावरून तोंडपाठ. परमुलखातले गिर्यारोहक त्याच्याकडून शिखरांच्या वाटा आखून घेत आणि परत येऊन त्याचे आभार मानत. तो स्वतः चर्चच्या वर कधी गेला नव्हता. हे फक्त बुर्गीला ठाऊक होतं.

दर वर्षी ऑगस्ट उजाडला की मागिस्टरसाहेब सूप ढवळत विचारायचे, "हेर व्हिंडिश, रविवारी वर जावं म्हणतो. तुम्ही येणार का?"

"आलो असतो, पण गुडघा जरा..."

मागिस्टरसाहेब मान हलवायचे. पुढच्या रविवारी गेरोल्डच्या ताटाशेजारी मार्मोटच्या चरबीच्या मलमाची एक बाटली ठेवलेली असायची. मार्मोट हा डोंगरावरचा मांजराएवढा गुबगुबीत प्राणी, त्याची चरबी सांध्यांना रामबाण, असं सगळं खोरं मानतं. गेरोल्डच्या कपाटात त्या बाटल्यांची एक रांग झाली होती. बुर्गी त्यातून दारांच्या बिजागऱ्यांना लावायची. त्यांच्या घरातलं एकही दार कुरकुरत नसे.

*

सप्टेंबरात मागिस्टरसाहेबांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती, आणि गेरोल्डला त्या निमित्तानं एक युक्ती सुचली. खरं म्हणजे ती युक्ती सगळ्या खोऱ्याला ठाऊक होती, त्यालाच इतक्या वर्षांत तिच्याकडे बघायचा धीर झाला नव्हता.

फेर्नाखमध्ये जुना रिवाज आहे: शेवटच्या झाडाच्या वर 'तुम्ही' नाही. जंगल संपतं तिथे साहेब, डॉक्टर, मागिस्टर, सगळे संपतात. वर सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात, आणि त्यात नाराज व्हायचं नसतं. कारण व्यवहारी आहे. 'आपण जरा हा दोर धरण्याची कृपा कराल का' हे वाक्य पूर्ण होईपर्यंत बोलणारा दरीत पोचलेला असतो. एकदा शिखरावरच्या क्रुसाला आशीर्वाद द्यायला खुद्द बिशप आले होते. एक गुराखी त्यांना म्हणाला, "ए, तू जरा सरक, गाय येतेय." बिशप सरकले. तेव्हापासून रिवाजाला धर्माचीही संमती आहे असं मानलं जातं.

तर गेरोल्डची योजना अशी. वाढदिवसाला सासऱ्यांना घेऊन वर जायचं. त्यासाठी जगातली सगळ्यात सोपी, रुंद आणि न घाबरवणारी वाट शोधायची, जी शेवटच्या झाडाच्या वर जेमतेम चार पावलं जाते. तिथे केक कापायचा. केक घेताना म्हातारा काहीतरी बोलेलच. जे बोलेल त्यात 'तू' असेल. आणि एकदा तोंडात बसलं की खाली आल्यावरही राहील.

"आणि तू वर जाणार कसा?" बुर्गीनं विचारलं.

"डोळे मिटून."

"आणि केक?"

"केक तू आण."

त्यानं कचेरीतला मोठा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. गायींच्या रस्त्यानं गेलं तर बैलगाडीसुद्धा शेवटच्या झाडापर्यंत जाते. शेवटचं झाड म्हणजे विजेनं मधोमध चिरलेला एक पाइन, सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच्या जरा वर 'बोकडाची पाठ' नावाची धार सुरू होते, आणि धार सुरू होण्याआधी हातभर सपाट गवत आहे. केक तिथे. गेरोल्डनं लाल पेन्सिलनं फुली मारली. मारताना हात जरा थरथरला आणि फुली किंचित वर, धारेवर गेली. नकाशावर तो तांदळाच्या दाण्याएवढा फरक होता.

बेत गुप्त ठेवायचा होता, म्हणून त्यानं फक्त एक जोड डोंगरी बूट घेतले. गावात बुटांचं दुकान एकच, ते शेजारच्या त्सिताबाईंच्या बहिणीचं. तो खोकं काखोटीला मारून घरी पोचला तेव्हा त्सिताबाई गॅलरीत जिरेनियमना पाणी घालत त्याचीच वाट बघत होत्या. त्यांनी प्रस्तावना केली नाही. नाडी लांब दिलीये, दुहेरी गाठ मार, म्हणाल्या. आमचे हे एकेरी गाठ मारायचे. त्यांचे हे उत्तम तब्येतीत शेजारच्याच खुर्चीत बसले होते, पण गेरोल्डला ते वाक्य दिवसभर पुरलं.

संध्याकाळी किलियान आला. किलियान गावचा वाटाड्या आणि बचाव पथकाचा प्रमुख. ज्या वाटेला दोर लागत नाही तिला तो वाट म्हणत नसे, गल्ली म्हणे. त्यानं नकाशा पाहिला, गायींच्या रस्त्यावर बोट ठेवलं आणि दुःखानं मान हलवली. मग त्यानं सुचवलं की मागिस्टरसाहेबांसारख्या जुन्या गड्याला उत्तरेच्या कड्यानं, लोखंडी शिड्यांवरून न्यावं, म्हणजे त्यांना बरं वाटेल. गेरोल्डनं गुडघ्याचं नाव काढलं. किलियान म्हणाला गुडघा वर जाताना लागतच नाही, हात लागतात. जाता जाता दारात थांबून त्यानं आपलेपणानं सांगितलं, "आणि पडलासच तर सरळ पड. वाकडंतिकडं पडलं की शोधायला फार वेळ जातो."

दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांनी वाट देवळीवरून न्यायला सांगितली. बेकरीवाल्यानं वाट त्याच्या मेहुण्याच्या खाणावळीवरून न्यायला सांगितली. दोन्ही वळणं घेतली तर वाट एकदा शेजारच्या खोऱ्यात उतरून परत येत होती. गेरोल्डनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना पेन्सिलनं रेघ मारून दाखवली, आणि आठवड्याच्या शेवटी नकाशा असा दिसायला लागला की त्यावरून एखादा गिर्यारोहक निघाला असता तर तो थेट म्हातारा होऊनच परतला असता.

तेवढ्यात सरपंचांनी त्याला बोलावून घेतलं.

सरपंचांना सगळं कळलं होतं आणि त्यांना गहिवरून आलं होतं. ज्या माणसानं सगळ्या गावाचे खोकले बरे केले त्याच्या पंच्याहत्तरीला गावानं काहीतरी केलं पाहिजे, आणि करायचं तर बाकडं केलं पाहिजे, असं त्यांचं मत होतं. जाड लाकडाचं, मागे पितळी पाटी. सगळ्यात वर, शेवटच्या झाडापाशी. बाकडी विभाग कोणाकडे आहे हे त्यांना माहीत होतं.

सभा भरली. झाडांच्या वरचं कुरण गायवाल्यांच्या संघाचं होतं, आणि गायवाल्यांचा बाकड्यांना तत्त्वतः विरोध होता: बाकडं आलं की माणूस बसतो, बसला की खातो, खाऊ लागला की गाय येते. त्यामुळे बाकडं शेवटच्या झाडाच्या खालीच हवं, एक वीतही वर नको. यावर शेवटचं झाड कोणतं, हा मुद्दा निघाला. चिरलेल्या पाइनच्या वर हल्ली पोरसवदा रोपं दिसतात, ती झाडं धरायची का? जंगल खात्याच्या माणसानं बराच वेळ छताकडे पाहून सांगितलं की खात्याच्या मते पाइनला पहिलं सुईसारखं पान आलं, म्हणजे सुई फुटली, की झाड. उंचीची अट नाही. सभेनं हे सर्वानुमते मान्य केलं, कारण बाहेर सॉसेज भाजल्याचा वास यायला लागला होता. बाकडं तरी चिरलेल्या पाइनखालीच ठेवायचं ठरलं. गेरोल्डनं कचेरीच्या नकाशावर तिथे निळं वर्तुळ काढलं आणि आपली लाल फुली तशीच राहू दिली. मनात म्हणाला, बाकड्यापाशी भाषण होऊ दे, मग म्हाताऱ्याला चार पावलं वर नेतो.

बाकडं हेलिकॉप्टरनं जायचं होतं. हेलिकॉप्टरवाल्यांनी नकाशा मागून नेला.

आता, हेलिकॉप्टरवाल्यांच्या धंद्यात निळं वर्तुळ म्हणजे काहीच नाही. आणि लाल फुली म्हणजे 'इथे ठेवा'.

*

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी त्सिताबाईंनी गॅलरीतून दुर्बीण लावली, कपभर कॉफी संपेपर्यंत पाहिलं आणि खाली आवाज दिला, "गेरोल्ड, तुझं बाकडं बोकडाच्या पाठीवर बसलंय रे."

बसलं होतं खरं. गावातल्या प्रत्येक खिडकीतून दिसत होतं. धारेवर, दोन्ही बाजूंना आभाळ, आणि मधे एक सभ्य लाकडी बाकडं, एखाद्या पाहुण्यासारखं अवघडून. हेलिकॉप्टर पलीकडच्या खोऱ्यात गवताचे भारे वाहायला निघून गेलं होतं. गायवाले कचेरीत आले. जंगल खात्याचा माणूस आला. सरपंच हताश होऊन म्हणाले की नियमाप्रमाणे विभागाच्या अधिकाऱ्यानं स्वतः जाऊन बाकडं पक्कं आहे का ते पाहायला हवं, नाहीतर ते वाऱ्यानं पडून एखाद्या गायीला लागायचं. सगळ्यांनी अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी जमिनीकडे पाहत होता. जमीन त्याला फार आवडायची.

किलियाननं मी जातो म्हटलं. गेरोल्डच्या जिवात जीव आला, तो 'जा' म्हणणार, इतक्यात दारात मागिस्टरसाहेब उभे. डोक्यावर जुनी हॅट, हातात काठी, पाठीला पिशवी.

"बाकडं माझ्या नावाचं आहे," ते म्हणाले. "मीच जाऊन बघतो." मग जरा थांबून, नेहमीच्याच आवाजात, "हेर व्हिंडिश, तुमचा गुडघा कसा आहे?"

'जरा दुखतोय' हे दोन शब्द गेरोल्डच्या ओठांवर इतक्या वर्षांच्या सवयीनं येऊन उभे राहिले होते.

"बरा आहे," तो म्हणाला.

*

गायींच्या रस्त्यानं दोघं निघाले. मागिस्टरसाहेब पुढे, गेरोल्ड मागे. बोलणं फारसं नव्हतं. "दगड आहे, हेर व्हिंडिश." "पाहिला, मागिस्टरसाहेब." गेरोल्डनं नजर म्हाताऱ्याच्या बुटांच्या टाचांवर खिळवून ठेवली होती, आणि टाचांपलीकडे बघावं लागत नव्हतं तोवर सगळं ठीक होतं.

चिरलेला पाइन आला. मागिस्टरसाहेबांनी हॅटला बोट लावून झाडाला रामराम केला, आणि ते झाड ओलांडून पलीकडे गेले. गेरोल्डही गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो शेवटच्या झाडाच्या वर उभा होता. त्याचे पाय कापत होते, पण कान टवकारलेले होते.

मागिस्टरसाहेब वळले. घसा खाकरला. तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"इथून पुढे," ते म्हणाले, "डाव्या बाजूनं चालण्यात यावं."

गेरोल्डला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण थोड्या वेळानं, "पाणी प्यायलं गेलं आहे का?" मग, "काठी हवी असल्यास देण्यात येईल." म्हातारा 'तू' म्हणत नव्हता, आणि रिवाजामुळे 'तुम्ही'ही म्हणू शकत नव्हता. सगळा डोंगर तो सरकारी परिपत्रकाच्या भाषेत चढत होता. गेरोल्डला रडू यायच्या बेतात होतं. सगळ्यात वाईट म्हणजे त्याच्यातल्या कचेरीच्या माणसाला ती भाषा ओळखीची वाटून किंचित धीरही येत होता.

"उजवा पाय खोबणीत ठेवण्यात यावा."

"ठेवण्यात आला आहे," गेरोल्ड म्हणाला.

बोकडाची पाठ किलियानच्या मते दोन गायी शेजारी शेजारी जातील इतकी रुंद आहे. गेरोल्डला ती एका गायीच्या शेपटीएवढी वाटली. तो आधी वाकला, मग बसला, मग रांगायला लागला. अंगावर कोट, गळ्यात कचेरीचा टाय, आणि ग्रामकचेरीचा एक जबाबदार अधिकारी हातापायांवर बाकड्याकडे निघालेला. पोचल्यावर त्यानं बाकड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली, एक पाय त्याच्या पायाला वेढला, गाल फळीवर टेकवला आणि डोळे मिटले. बाकडं पक्कं होतं. तपासणी झाली.

मागिस्टरसाहेब शेजारी येऊन बसले. पाटीवरचं आपलं नाव त्यांनी बोटानं चाचपून पाहिलं. वारा होता. खाली कुठेतरी गायींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. मग त्यांची नजर बाकड्याच्या मागे, जरा वर, दोन दगडांच्या फटीत गेली.

"पाइन," ते म्हणाले.

गेरोल्डनं एक डोळा उघडला. फटीत करंगळीएवढं रोप होतं. टोकाला हिरव्या सुयांचा एवढासा झुबका.

"सुई फुटलीये," मागिस्टरसाहेब म्हणाले.

"सुई फुटली की झाड," गेरोल्ड फळीला म्हणाला. "सभेत ठरलंय. सर्वानुमते."

"म्हणजे शेवटचं झाड हे."

"कायद्यानं, हो."

"म्हणजे आपण अजून खालीच आहोत."

गेरोल्डनं डोळा मिटून घेतला. बोकडाची पाठ रांगून पार केली, आणि शेवटच्या झाडाची रेघ करंगळीभर पुढेच निघाली. आता याच्या पुढे जायचं त्राण त्याच्यात नव्हतं. परिपत्रकं संपली, आता परत 'तुम्ही' सुरू होणार.

"हेर व्हिंडिश," मागिस्टरसाहेबांनी सुरुवात केली, "तुम्ही..." आणि थांबले. काठी या हातातून त्या हातात घेतली. "गुडघ्याला कधीच काही झालेलं नव्हतं ना?"

"नाही."

"वाटलंच मला. एका वर्षी डावा असायचा, एका वर्षी उजवा."

"मग मलम कशाला देत होतात?"

"मलम नाही द्यायचं तर काय विचारायचं? माझ्याबरोबर वर यायला का नको, असं?" म्हातारा दरीकडे बघत बोलत होता. "जावयाला आपल्याशी 'तू' व्हायचं नसेल, तर किती वेळा विचारावं माणसानं? तरी विचारत राहिलो. दर ऑगस्टला."

गेरोल्डनं दोन्ही डोळे उघडले. त्याला खालचं सगळं खोरं दिसलं, आणि आश्चर्य म्हणजे त्या क्षणी त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"मला उंचीची भीती वाटते, मागिस्टरसाहेब."

मागिस्टरसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. बाकड्याला मारलेल्या मिठीकडे, वेढलेल्या पायाकडे, गालावर उमटलेल्या फळीच्या रेघांकडे.

"काय सांगताय," ते म्हणाले.

"लाज वाटत होती. बाकडी विभाग माझ्याकडे. मला वाटलं तुम्हालाच मी परका वाटतो. मी तर हा सगळा घाट त्यासाठीच घातला. शेवटच्या झाडाच्या वर न्यायचं, म्हणजे आपोआप होईल."

"आपोआप," म्हातारा पुटपुटला. "मीही तेच म्हणत होतो." मग, "लग्नाच्या दिवशी दोन पेले भरून तुमच्याकडेच येत होतो मी. अर्ध्या वाटेवर होतो, तेवढ्यात तुमच्या मित्रांनी बुर्गीला पळवलं."

नवरी पळवायची हा तिथला लग्नातला खेळच आहे. मित्रांनी नवरीला कुठल्यातरी खाणावळीत नेऊन बसवायचं आणि नवऱ्यानं तिला शोधून आणायचं. गेरोल्डनं गावाच्या खालच्या अंगाच्या सगळ्या खाणावळी दोनदोनदा पालथ्या घातल्या होत्या. बुर्गी वरच्या अंगाच्या खाणावळीत होती. शेवटी कंटाळून ती स्वतःच खाली आली.

"मी दोन पेले घेऊन उभा," मागिस्टरसाहेब म्हणाले. "शेवटी दोन्ही मीच प्यायलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं फिरायला गेलात. परत आलात, तर एकदम काय म्हणायचं? लोक विचारतील, आजच काय झालं. एक वर्ष गेलं की दुसऱ्या वर्षी जास्तच अवघड होतं. तुम्हाला सांगतो, 'तू' म्हणजे औषधासारखं आहे, वेळच्या वेळी दिलं नाही की..."

पुढचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी पिशवीतून चपटी बाटली काढली. पाइनच्या फळांची घरची दारू, लालसर. टोपणात ओतली. टोपण एकच होतं.

"नियमानं कोपरात कोपर अडकवावं लागतं," ते म्हणाले.

"मी बाकडं सोडू शकत नाही."

"सोडू नका."

आणि मागिस्टरसाहेबांनी, पंच्याहत्तरीला एक दिवस राहिलेला असताना, बाकड्याची पाठ घट्ट धरलेल्या त्या हातातून आपला हात ओवला, अंग वळवून, मान तिरकी करून, टोपण कसंबसं तोंडापर्यंत नेलं.

"रोमेडियस," ते म्हणाले.

"गेरोल्ड," गेरोल्ड म्हणाला. त्याचा आवाज फुटला नाही. वारा फार होता म्हणून तसं वाटलं, असं त्यानं नंतर बुर्गीला सांगितलं.

म्हाताऱ्यानं उरलेलं अर्धं टोपण त्याला बाळाला औषध पाजावं तसं पाजलं. "पी," म्हणाला.

*

खाली काय झालं ते गेरोल्डला नंतर कळलं. त्सिताबाई गॅलरीतून सगळ्या गल्लीला धावतं वर्णन देत होत्या. म्हाताऱ्यानं जावयाचा दंड धरलाय. आता ओढतोय. जावई बाकडं सोडत नाहीये. आता म्हाताऱ्यानं त्याच्या तोंडात काहीतरी कोंबलं. सासऱ्या-जावयात इतक्या वर्षांचं काहीतरी साठलंय हे सगळ्यांना माहीत होतंच. किलियाननं भोंगा वाजवला.

त्यामुळे दोघं उतरून चिरलेल्या पाइनपाशी आले तेव्हा तिथे बचाव पथक उभं होतं. गेरोल्ड बराचसा मार्ग पाठमोरा उतरला होता आणि म्हातारा खालून सांगत होता, "डावा पाय. आता उजवा. शाब्बास रे." झाडाखाली किलियान स्ट्रेचर घेऊन, सरपंच घामाघूम, पाद्रीबाबा मरणाऱ्याच्या कपाळाला लावायचं पवित्र तेल घेऊन, बुर्गी पांढरीफटक, आणि त्सिताबाई वाढदिवसाचा केक घेऊन; न जाणो, वाया जायचा.

गायवाल्यांच्या म्होरक्यानं पहिला मुद्दा मांडला. बाकडं हद्दीच्या वर आहे, त्याचं काय?

"हद्दीच्या खाली आहे," मागिस्टरसाहेब म्हणाले. "त्याच्याही वर एक झाड आहे. सुई फुटलीये. खात्याला विचार." जंगल खात्याच्या माणसानं झाडाच्या फांद्यांत काहीतरी बघायला सुरुवात केली. बाकडं तिथेच राहिलं, आजही आहे.

आता सगळे दोघांकडे बघत होते. इथे झाडाखाली, गावाच्या हद्दीत, 'तुम्ही'च्या मुलखात, म्हातारा काय म्हणतो याकडे सगळ्यांचे कान होते, आणि सगळ्यात जास्त गेरोल्डचे. वरचं वर. तिथे वारा होता, टोपण होतं, घाबरलेल्या माणसाला कोणीही काहीही म्हणतं.

मागिस्टरसाहेबांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"हेर व्हिंडिश," ते म्हणाले.

गेरोल्डचा चेहरा उतरला. बुर्गीनं ओठ चावला.

"तुझ्या बुटाची नाडी सुटलीये."

सवय अकरा वर्षांची. नाव बदलायला जरा वेळ लागणार होता. पण बाकीचं सगळ्यांनी ऐकलं. किलियाननं स्ट्रेचर खाली ठेवलं.

गेरोल्ड वाकायला गेला, तर पायांतलं कापरं अजून गेलं नव्हतं, आणि तो झाडाला धरून तसाच उभा राहिला. म्हाताऱ्यानं काठी बुर्गीच्या हातात दिली, हॅट सरळ केली आणि जावयासमोर एक गुडघा टेकला.

"राहू द्या, मागिस्टर..." गेरोल्ड म्हणाला. मग, "राहू दे, रोमेडियस. मी बांधतो."

"तू उभा राहा नीट."

"दुहेरी गाठ मार म्हणावं," मागून त्सिताबाई म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं दुहेरी गाठ मारली. मग ओढून पाहिली. मग तिच्यावर आणखी एक मारली. पांढऱ्या केसांच्या त्या वाकलेल्या मानेकडे गेरोल्ड वरून बघत होता, आणि एवढ्या उंचीवरून खाली बघूनही त्याला अजिबात भोवळ आली नाही.